दहा टक्क्यांवर अडलेली घरे

बॉस्टनच्या पश्चिमेला अनेक गावांत मराठी कुटुंबांनी घरे घेतली आहेत. त्यांच्या हाती दर तिमाहीला मालमत्ता कराचे जे बिल पडते, त्यात मूळ कराच्या खाली ‘सीपीए’ या राज्याच्या कायद्याखालील अधिभाराची एक ओळ असते. रक्कम इतकी लहान असते की बहुतेकांची नजर तिच्यावरून पुढे सरकते. समजा, घराचे करासाठी धरलेले मूल्य 8 लाख डॉलर आहे आणि कराचा दर हजार डॉलरमागे 12 डॉलर आहे. म्हणजे वर्षाचा कर 9,600 डॉलर झाला. मूल्यातील पहिल्या 1 लाख डॉलरना सूट देणाऱ्या गावात उरलेल्या 7 लाखांवरचा कर 8,400 डॉलर होतो आणि त्यावर 3 टक्के अधिभार म्हणजे वर्षाला 252 डॉलर. तिमाहीला 63 डॉलरची ही गोष्ट आहे. पण अशा रकमा घरोघरून गोळा करून आणि त्यात राज्याची भर घालून मॅसॅच्युसेट्समधील गावांनी आणि शहरांनी गेल्या पाव शतकात तीस हजारांहून अधिक एकर जमीन राखली आहे, जुन्या वास्तूंच्या जतनाची हजारो कामे केली आहेत, मैदाने घडवली आहेत आणि परवडणारी घरेही बांधली आहेत. या यादीत घरांचा उल्लेख मी शेवटी केला, कारण पुष्कळ गावांच्या हिशेबातही त्यांची जागा शेवटचीच असते. कायद्याने मात्र ती तशी ठरवलेली नाही.

हा कायदा म्हणजे ‘कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट’, थोडक्यात सीपीए. राज्यपाल पॉल सेलुची यांनी त्यावर 14 सप्टेंबर 2000 रोजी सही केली. त्याआधीची काही वर्षे राज्यातील शेते आणि रानजमिनी बिल्डरांच्या हाती वेगाने जात होत्या. जमीन विकाऊ झाली की ती विकत घेण्याइतके पैसे गावाजवळ नसत आणि पैशांची जमवाजमव होईपर्यंत व्यवहार उरकलेला असे. या कायद्याने गावांना स्वतःवर कर लावून घेण्याची मुभा दिली. सक्ती कोणावरही नाही. मतदारांनी मतपेटीतून होकार दिला तरच मालमत्ता करावर 3 टक्क्यांपर्यंत अधिभार लागतो आणि राज्याच्या विश्वस्त निधीतून त्यात भर पडते. राज्यातील 351 गावे-शहरांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी मतदारांनी असा होकार दिलेला आहे. कर वाढवण्यासाठी लोकांनी आपणहून मत द्यावे, हे सहज घडत नाही. आपला पैसा आपल्याच गावात, आपल्या डोळ्यांसमोर खर्च होणार आणि तो कशावर खर्च होणार हे आपणच ठरवणार, या भरवशावर तो होकार मिळालेला आहे.

हा भरवसा टिकावा अशी व्यवस्थाही कायद्यात आहे. प्रत्येक गावात पाच ते नऊ जणांची समिती असते. तिच्यात निसर्गसंवर्धन, इतिहास, नियोजन, उद्याने आणि गृहनिर्माण या पाच स्थानिक मंडळांचा प्रत्येकी एक सदस्य असावाच लागतो. समिती अर्ज मागवते, जाहीर सुनावणी घेते आणि शिफारस करते. पैसे देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. तो टाऊन मीटिंगचा, म्हणजे गावाच्या सभेचा, आणि शहर असेल तर नगर परिषदेचा. सभा समितीची शिफारस मान्य करू शकते, फेटाळू शकते किंवा रक्कम कमी करू शकते, पण वाढवू शकत नाही, आणि समितीने न सुचवलेल्या कामाला स्वतःहून पैसेही देऊ शकत नाही. त्यामुळे ऐनवेळी उठून कोणी लोकप्रिय घोषणा करावी आणि टाळ्यांच्या गजरात निधी पळवावा, असे होत नाही. या पैशातून नेहमीची देखभाल करता येत नाही आणि गाव आधीपासून ज्या कामांवर खर्च करत होते तो खर्च या निधीवर ढकलून अंदाजपत्रकातील भोके बुजवताही येत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलावर वृक्ष उपकराचा रकाना पाहत वाढलेल्या माणसाला या रचनेचे मोल चटकन कळते. झाडांच्या जतनासाठी घरमालकांकडून वेगळा पैसा घ्यावा, ही कल्पना महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यातही आहे. पण त्या उपकराचे काय करायचे, या प्रश्नावर शहरातील करदात्याने सभेत उभे राहून मत द्यावे, अशी सोय तिथे नाही. ग्रामसभा आहे, पण ती खेड्यांपुरती. इथे पन्नास हजार डॉलरच्या कामासाठीसुद्धा शाळेच्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत वाद होतो, आणि तो होतो हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून या निधीच्या वाटपाबद्दल मला जी तक्रार करायची आहे ती कायदा मोडीत काढण्यासाठी नाही. तो चांगला आहे, म्हणूनच तो कुठे आणि कसा अपुरा पडतो हे स्पष्टपणे मांडले पाहिजे.

कायदा म्हणतो की वर्षाच्या उत्पन्नातील किमान 10 टक्के मोकळ्या जमिनीसाठी, किमान 10 टक्के ऐतिहासिक वारशासाठी आणि किमान 10 टक्के सामुदायिक, म्हणजे परवडणाऱ्या, घरांसाठी गेले पाहिजेत. 5 टक्क्यांपर्यंत रक्कम समितीच्या कारभारासाठी वापरता येते. बाकीचे कुठे खर्च करायचे हे गावाने ठरवायचे. वरवर पाहता हा समान न्याय आहे. पण यात एक पळवाट दडलेली आहे. ते 10 टक्के त्याच वर्षी खर्च केलेच पाहिजेत असे नाही. त्या त्या विषयाच्या राखीव खात्यात टाकले तरी कायद्याची अट पुरी होते. मोकळ्या जमिनीसाठी आणि जुन्या वास्तूंसाठी अर्ज घेऊन येणारे लोक गावात असतातच. त्यांच्या संस्था असतात, मंडळे असतात, वर्षानुवर्षांची ओळख असते. परवडणाऱ्या घरांची गरज ज्यांना आहे ते मात्र पुष्कळदा त्या गावात राहतच नाहीत. त्यांच्या वतीने अर्ज कोण करणार? मग घरांचे 10 टक्के खात्यात पडून राहतात, सभेत एका ओळीचा ठराव होतो आणि उरलेला मोठा हिस्सा दुसऱ्या कामांकडे वळतो. कायद्याने घातलेली किमान मर्यादा व्यवहारात कमाल मर्यादा होऊन बसते.

महाराष्ट्रातील वाचकांना हे ओळखीचे वाटेल. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावेत, हा दंडक गावोगावी माहीत आहे. ज्यांचा आवाज सभेत पोहोचत नाही त्यांच्या वाट्याचे काही कोणी हिरावून घेऊ नये, यासाठी अशी टक्केवारी असते आणि ती असलीच पाहिजे. पण तेवढी रक्कम कागदोपत्री बाजूला काढली की आपली जबाबदारी संपली, ही समजूत त्या टक्केवारीच्या सोबतच येते आणि मूळ हेतू तिथेच अडकतो.

टाऊन मीटिंगमध्ये हे कसे घडते ते मी जवळून पाहिले आहे. व्यासपीठावर सभासंचालक, समोर सूचनापत्रिकेच्या जाडजूड पुस्तिका उघडून बसलेले मतदार, मधल्या वाटेत दोन मायक्रोफोन, एक ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी आणि एक विरोधात बोलणाऱ्यांसाठी. दोनशे वर्षांच्या वास्तूचे छप्पर दुरुस्त करायचा ठराव येतो. दोन कौतुकाची भाषणे होतात आणि मतदान उरकते. शेताचा तुकडा विकत घेण्याचा ठराव येतो तेव्हा पडद्यावर शरद ऋतूतील लाल-पिवळ्या झाडांची छायाचित्रे झळकतात. आणि बारा-पंधरा परवडणाऱ्या घरांसाठी पैसे मागणारा ठराव आला की विरोधाच्या मायक्रोफोनमागे रांग लागते. शाळेत किती मुले वाढतील? रस्त्यावर किती गाड्या येतील? सांडपाण्याचे काय? ही घरे आपल्याच गावच्या लोकांना मिळतील याची हमी काय? यातला एकही प्रश्न मुळात गैर नाही. पण जमिनीच्या ठरावाला यातला एकही प्रश्न विचारला जात नाही, आणि या दुजाभावातच गावाचे खरे धोरण दिसते.

जमिनीच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो असा की घर उद्याही बांधता येईल, पण रान एकदा गेले की परत येत नाही. न्यूटन शहराने 2019 च्या डिसेंबरमध्ये बॉस्टन कॉलेजच्या मालकीचे वेबस्टर वूड्समधील सुमारे 17 एकर जंगल सक्तीने संपादित केले, आणि त्यासाठी सीपीए निधीच्या आधारावर कर्ज काढून 1 कोटी 52 लाख डॉलर मोजले. ते जंगल वाचले याचा मलाही आनंद आहे. पण अशा खरेदीचा परिणाम त्या वर्षापुरता राहत नाही. अधिभाराच्या पुढच्या उत्पन्नावर कर्ज काढण्याची मुभा कायद्याने दिली आहे आणि त्या कर्जाचे हप्ते पुढची कित्येक वर्षे निधीतून फिटत राहतात. कागदावर मोकळी दिसणारी रक्कम प्रत्यक्षात आधीच बांधलेली असते. शिवाय या निधीतून मोकळी जमीन म्हणून घेतलेल्या जमिनीवर तसा कायमस्वरूपी निर्बंध नोंदवावा लागतो. तो तसा असणेच योग्य आहे, पण त्यामुळे ‘तूर्त जमीन घेऊ, घरांचे नंतर बघू’ या वाक्यातला ‘नंतर’ त्या जमिनीपुरता कधीच उगवत नाही.

आणि घर उद्याही बांधता येईल, हे तरी कितपत खरे आहे? लेक्सिंग्टनसारख्या गावात आज साधेसे घरही दहा लाख डॉलरच्या आत मिळणे कठीण झाले आहे. गावातल्या शाळेत शिकवणारी शिक्षिका, अग्निशमन दलातील जवान, वृद्धांची शुश्रूषा करणारी परिचारिका तासाभराच्या अंतरावरून गाडी चालवत येतात. त्याच गावात वाढलेली मुले शिकून परत येतात तेव्हा त्यांनाही तिथे थारा नसतो. एक पिढी अशी बाहेर फेकली गेली की तीही परत येत नाही. जमिनीची किंमत दरवर्षी वाढत असताना आज थांबण्याचा अर्थ, उद्या तेवढ्याच पैशांत निम्मी घरे बांधणे एवढाच होतो.

लेक्सिंग्टनचेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. या गावाने 2006 मध्ये 3 टक्के दराने सीपीए स्वीकारला आणि 2009 मध्ये बूसा कुटुंबाचे सुमारे 8 एकरांचे शेत या निधीतून सुमारे 42 लाख डॉलरना विकत घेतले. मग तिथे काय करायचे यावर गावात पुष्कळ खल झाला. कोणाला फुटबॉलची मैदाने हवी होती, कोणाला शेती चालू राहायला हवी होती, कोणी घरांचा आग्रह धरला. शेवटी बहुतेक जमिनीवर सामुदायिक शेती आली आणि रस्त्यालगतच्या तुकड्यावर सहा परवडणारी घरे उभी राहिली. सहा हा आकडा लहान आहे आणि त्यांना लागलेला वेळ फार आहे, हे मान्य. पण एकाच जमिनीवर भाजीचे वाफेही राहू शकतात आणि माणसेही, हे त्यातून सिद्ध झाले. जमीन की घरे, अशी निवड दर वेळी करावीच लागते असे नाही. बहुतेक वेळा ती निवड खरेदीच्या आधीच, अर्जाच्या मसुद्यातच केलेली असते. मोकळ्या जमिनीसाठी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या अर्जात, तिच्यातील रस्त्यालगतचा, पाणी आणि मलवाहिनीजवळचा भाग घरांसाठी का वेगळा ठेवता येणार नाही, याचे लेखी उत्तर समितीने मागितले पाहिजे. एवढा एक प्रश्न अर्जाच्या छापील नमुन्यात घातला तरी पुष्कळ फरक पडेल.

ऐतिहासिक वारशाच्या बाबतीत न्यायालयाने असाच एक प्रश्न गावांपुढे ठेवलेला आहे. ॲक्टन गावाने तिथल्या काँग्रिगेशनल चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी आणि वास्तूच्या जतन आराखड्यासाठी प्रत्येकी सुमारे 50 हजार डॉलर मंजूर केले होते. काही करदात्यांनी त्याला आव्हान दिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या मार्चमध्ये खिडक्यांच्या अनुदानाला मनाई केली आणि आराखड्याचा प्रश्न अधिक चौकशीसाठी खालच्या न्यायालयाकडे पाठवला. चर्चला अनुदान देताच येत नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. पैसा नेमका कोणत्या हेतूने दिला जातो, त्यातून संस्थेच्या मूळ कार्यालाच भरीव मदत होते का आणि राज्यघटनेला जो धोका टाळायचा होता, म्हणजे सार्वजनिक पैशाने धर्मसंस्था पोसल्या जाण्याचा, तो इथे उद्भवतो का, हे प्रत्येक प्रकरणात तपासायला त्याने सांगितले. मला हा निकाल पटतो. सार्वजनिक पैसा जिथे जातो तिथे सर्वांचे हित असले पाहिजे, आणि ते आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी पैसा घेणाऱ्यावर असली पाहिजे. मग हीच कसोटी चार गाड्यांच्या वाहनतळामागे दडलेल्या, शेजारच्या दहा-वीस घरांखेरीज फारसे कोणी पाऊल न टाकणाऱ्या रानालाही लावायला नको का? तिथे पक्षी आहेत, पाणी मुरते, हे मी विसरत नाही. पण शेजाऱ्यांच्या घरांच्या किमती राखणे हा जर खरा हेतू असेल, तर त्याला जतन म्हणता येणार नाही.

वेगळी वाट घेता येते, हे केंब्रिजने दाखवले आहे. त्या शहराने 2001 मध्ये कायदा स्वीकारला आणि पुढे वर्षानुवर्षे निधीतील 80 टक्के परवडणाऱ्या घरांना, 10 टक्के मोकळ्या जमिनीला आणि 10 टक्के ऐतिहासिक वारशाला दिले. केंब्रिज दाट वस्तीचे शहर आहे, विद्यापीठे आणि कंपन्यांमुळे त्याची तिजोरी भरलेली असते आणि तिथे विकत घ्यायला शेते उरलेली नाहीत, हे खरे. तोच आकडा प्रत्येक खेड्याने उचलावा असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच की उपनगरातल्या गावांनी निदान एक तृतीयांश रक्कम घरांसाठी द्यावी आणि ती राखीव खात्यात झोपवून न ठेवता दरवर्षी आपल्या गृहनिर्माण न्यासाकडे वर्ग करावी. गावांना असे न्यास स्थापण्याची तरतूद 2005 पासून आहे. न्यासाजवळ पैसा तयार असला की एखादे घर किंवा भूखंड विक्रीला आल्यावर पुढच्या वसंतातील सभेची वाट पाहत बसावे लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावाने आधी हात पुढे केला की राज्याचा निधी आणि केंद्राची करसवलत मिळवणे प्रकल्पाला सोपे जाते. गावाच्या तीन-चार लाख डॉलरमध्ये एक घरही धड येत नाही, पण त्याच रकमेच्या बळावर चाळीस घरांच्या प्रकल्पाचे गाडे पुढे सरकू शकते.

आता राज्याच्या वाट्याविषयी. विश्वस्त निधीत पैसा येतो तो दस्तनोंदणीच्या शुल्कातून. सुरुवातीला बहुतेक दस्तांवर 20 डॉलर घेतले जात. 2019 च्या अखेरीस ते 50 डॉलर झाले. हे शुल्क राज्यातील प्रत्येक खरेदीदार भरतो, त्याच्या गावाने सीपीए स्वीकारला असो वा नसो. बॉस्टनने तो 2016 मध्ये स्वीकारला आणि वूस्टरने 2022 मध्ये. म्हणजे तोवरची सारी वर्षे या दोन मोठ्या शहरांतील घर घेणाऱ्यांचे शुल्क बाहेरच्या गावांची शेते राखायला गेले. सुरुवातीला, 2007 पर्यंत, गाव जेवढे जमवील तेवढीच भर राज्य घालत असे. सीपीए स्वीकारणारी गावे वाढत गेली तसा हा वाटा घटत गेला आणि 2018 पर्यंत वाटपाच्या पहिल्या फेरीतला वाटा गावाने जमवलेल्या रकमेच्या 20 टक्क्यांच्याही खाली आला. तरीही वाटपाचे मुख्य सूत्र बदलले नाही. निधीतील 80 टक्के रक्कम या पहिल्या फेरीत सर्वांना एकाच टक्केवारीने वाटली जाते. ज्या गावात घरे महाग, त्याचा अधिभार मोठा. ज्याचा अधिभार मोठा, त्याला राज्याची भरही मोठी. एका गावाने 20 लाख जमवले आणि दुसऱ्याने 4 लाख, तर 20 टक्के दराने पहिल्याला 4 लाख मिळतात आणि दुसऱ्याची 80 हजारांवर बोळवण होते. उरलेल्या 20 टक्क्यांच्या वाटपात लोकसंख्या आणि मालमत्तेचे दरडोई मूल्य पाहिले जाते, पण त्या फेऱ्यांत 3 टक्के अधिभार किंवा त्याच्या तोडीची रक्कम उभारणाऱ्यांनाच प्रवेश असतो. गरीब शहराच्या मतदारांना पूर्ण 3 टक्के झेपत नाहीत, म्हणून ज्या मदतीची त्यांना अधिक गरज तिच्यापासूनच ते वंचित राहतात. गरजेचा हा निकष पहिल्या फेरीलाच लावला पाहिजे आणि निदान एक तृतीयांश रक्कम घरांवर प्रत्यक्ष खर्च करणाऱ्या गावांना राज्याने अधिक भर दिली पाहिजे. त्यासाठी नवा कर नको, विधिमंडळाने सूत्र बदलले की पुरे.

या गावांत राहणाऱ्या मराठी लोकांना यात दुहेरी जबाबदारी आहे असे मला वाटते. आपल्यापैकी अनेकजण इथे आले तेव्हा भाड्याच्या खोल्यांत राहिले, एका घरात तिघे-चौघे राहिले, आणि शाळा चांगल्या म्हणून पै-पै जमवून या गावांत शिरले. आपल्यामागे दार लावून घेणाऱ्यांत आपण असू नये. नागरिकत्व नसलेल्यांना टाऊन मीटिंगमध्ये मत देता येत नाही, अधिभार मात्र त्यांनाही भरावा लागतो; ते अन्यायाचे आहे आणि केंब्रिज, ॲमहर्स्टसारख्या ठिकाणांनी स्थानिक मताधिकार वाढवण्याची केलेली विनंती विधिमंडळाने अद्याप मान्य केलेली नाही. पण समितीच्या जाहीर सुनावणीत कोणालाही बोलता येते, निवेदन देता येते, आणि बहुतेक गावांत निधीसाठी अर्जही कोणीही करू शकते. ज्यांना मत आहे त्यांनी सूचनापत्रिका हाती आली की तीन आकडे आधी पाहावेत: घरांच्या राखीव खात्यात किती रक्कम पडून आहे, ती किती वर्षांपासून आहे, आणि जमिनीच्या जुन्या कर्जाच्या हप्त्यांत यंदाच्या उत्पन्नातील किती वाटा जाणार आहे. हे आकडे पत्रिकेत नसतील तर सभेत विचारावेत. बहुतेक गावांत अर्जांची मुदत शरद ऋतूत संपते, सुनावण्या हिवाळ्यात होतात आणि सभा वसंतात भरते. सभेच्या दिवशी उभे राहून कोणालाही रक्कम वाढवता येत नाही, म्हणून घरांसाठीची मागणी त्या आधीच्या शरद ऋतूतच समितीपुढे जायला हवी.